अख्खं पथक फिट

आयुष्यातली उमेदीची बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरींना जुलाब होऊ नयेत या काळजीत घालवली. माझ्याबरोबरच्या शिक्षिका निवृत्तीनंतर आठवणी सांगायला बसल्या की कोणती विद्यार्थिनी तहसीलदार झाली, कोणती विमानाने कुठे गेली, हे सांगतात. माझ्या डोळ्यांसमोर आधी ओआरएसची पाकिटं येतात. त्यांच्यामागून तोरणमाळच्या घाटातली बस येते आणि तिच्यात बसलेल्या, तोंडाला स्कार्फ लावलेल्या पोरी येतात.

नवापूरपासून बरंच आत, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायचे. ती झाली पगाराची नोकरी. खरा उद्योग होता गाईड कॅप्टनचा. मुलांचं ते स्काऊट आणि मुलींचं ते गाईड, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मुलींचं एक पथक असतं, पथकाचे छोटे छोटे संघ पाडतात, त्यांना मोगरा, जास्वंद अशी फुलांची नावं देतात आणि प्रत्येक संघाला एक संघनायिका असते. लोकांना यातला स्कार्फ दिसतो, दोरीच्या गाठी दिसतात, शेकोटीभोवतीची गाणी ऐकू येतात. शिबिराला निघण्याआधी कॅप्टन काय करते, ते कुणी बघत नाही. ती कागद गोळा करते. पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचं आरोग्यपत्र, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा तपशील. हे सगळं हातात आलं की तिची झोप उडते, कारण पोरींना काय काय होऊ शकतं याची छापील यादीच आता तिच्याजवळ असते.

त्यात मी मूळची भित्री. शहाद्याकडे, तापीकाठच्या शेतकरी घरात वाढले. आमच्याकडे लहान मूल विहिरीच्या दिशेला नुसतं वळलं तरी चार बायका हातातलं काम टाकून धावायच्या. इथे येऊन बघते तर पोरी सकाळी डोहात उड्या मारून, ओल्या केसांनी शाळेत हजर. शिबिराच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना व्हरांड्यात रांगेत उभं करायची आणि एकेकीची पिशवी उघडून बघायची. टॉर्च पेटते का, पांघरूण पुरेसं आहे का, साबण ओला कोंबलाय का, नखं कापली का, बोंबलाची चटणी कुठे लपवलीय. महामार्गावर नवापूरजवळ ट्रक अडवतात ना, तसा सगळा प्रकार. त्यामुळे माझं नाव पडलं चेकनाका मॅडम. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण मी कोपऱ्यावर दिसले की ‘नाका आला, नाका आला’ असं कुजबुजणं कानावर यायचं. मला ते नाव फार आवडायचं आणि ते मी त्यांना कधीच कळू दिलं नाही.

आरोग्यपत्र भरून आणणं हा आमच्याकडे एक स्वतंत्र सोहळा असायचा. घरी बोलायची भाषा मावची नाहीतर इथल्या आदिवासींची कोकणी, बाजारात अहिराणी आणि गुजराती, मराठी फक्त शाळेत आणि कचेरीत. कागद मात्र कचेरीतल्या मराठीत. एका वर्षी ‘रक्तगट’ या शब्दापुढे तीन पालकांनी लिहून दिलं होतं, ‘उगवती महिला बचत गट’. एकीने त्यापुढे आईचं पदही लिहिलं होतं, सचिव. आमच्याकडे गट म्हटलं की तो बचतीचाच. त्या आया दर महिन्याला गटाच्या बैठकीला बसत होत्या, त्यांचं काय चुकलं?

‘अ‍ॅलर्जी’पुढे एका पालकाने ‘भरपूर’ असं लिहिलं तेव्हा मी हादरलेच. ते नवापूर स्टेशनजवळ टपरी चालवायचे. मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले आणि विचारलं की कशाकशाची अ‍ॅलर्जी आहे.

“मॅडम, ती दिनभर कुदत ऱ्हास,” ते म्हणाले. “रात पडनी तरी थकत नही. आते तुम्हीच सांगा, भरपूर नही ते काय?”

त्यांनी एनर्जी वाचलं होतं. मग पुढच्या वर्षी मी तो शब्दच काढला आणि ‘काय खाल्लं की अंगाला खाज येते?’ असं स्वच्छ लिहिलं. त्यावर निम्म्या जणींनी ‘शाळेची खिचडी’ असं उत्तर आणलं. हेडमास्तरांनी ते सगळे कागद स्वतः बसून बदलून घेतले.

पण हे सगळं किरकोळ म्हणावं असं प्रकरण पुढे झालं. त्या वर्षी तोरणमाळला पुरस्काराच्या चाचणीचं शिबिर होतं. नववीतल्या मुलींची ही शेवटची संधी असते, कारण दहावी लागली की स्काऊट-गाईडचं नाव काढलं तरी पालक आणि हेडमास्तर दोघंही डोळे वटारतात. शिबिराचं आरोग्यपत्र जिल्ह्याच्या कार्यालयाकडून छापून आलं. छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी असावी, कारण कागद अगदी घाईत उरकलेला दिसत होता. त्यात एक प्रश्न होता ‘फिट येते का?’ खण अरुंद पडला म्हणून ‘येते का’ गळालं. राहिलं फक्त ‘फिट’ आणि पुढे ‘होय / नाही’.

आता बाहेरच्या वाचकाला हा घोळ सांगायलाच हवा. मुलगी फिट आहे म्हणजे ती ठणठणीत आहे. मुलीला फिट येते म्हणजे तिला आकडी येते, मिरगी येते. शब्द तोच, मामला अगदी उलटा. पालकांसमोर नुसतं ‘फिट’ आलं तेव्हा त्यांनी काय करावं? आपली पोरगी फिट नाही असं कोणता बाप लिहून देईल? सगळ्यांनी ठसठशीत ‘होय’वर खूण केली. आरोग्य केंद्रातले डॉक्टर नवीन होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी पोरींना रांगेत उभं करून जिभा बाहेर काढायला लावल्या आणि प्रत्येक कागदावर खाली शिक्का मारला, ‘फिट’. मी गठ्ठा बांधून नंदुरबारला पाठवला आणि सुटले म्हटलं.

दोन दिवसांत देसले सरांचा फोन. देसले सर शिबिरप्रमुख. माणूस नियमाचा. कार्यालयात बोलताना ‘सदर बाब निदर्शनास आली आहे’ असं बोलायचे आणि संतापले की सरळ अहिराणीत उतरायचे. त्या दिवशी ते ‘सदर’वर थांबलेच नाहीत.

“मॅडम, हाई काय शे? तुम्हना बठ्ठ्या पोरीस्ले फिट येस?”

माझीही घरची अहिराणीच. घाबरले की मलाही तीच सुचते; तिच्यात बठ्ठ्या म्हणजे सगळ्या, येस म्हणजे येते आणि शेतस म्हणजे आहेत. “नही सर, त्या फिट शेतस.”

“तेच ते इचारी ऱ्हायनू ना मी.”

“सर, फिट शेतस म्हणजे बऱ्या शेतस.”

“मग डॉक्टरनी खाले फिटना शिक्का का बरं मारा?”

“त्या बऱ्या शेतस म्हणून.”

“मॅडम, शेतस का येस, ते एक काय ते सांगा. घाटमा अख्खी बस आडवी पडनी ते मी काय करू?”

शेवटी असं ठरलं की मी प्रत्येक कागदावर हाताने ‘येते का’ असं लिहायचं आणि पालकांकडून पुन्हा उत्तर घ्यायचं. मी रिक्षा केली आणि पाडे पालथे घातले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, नाही. मी खूश होते. शेवटचं घर उरलं एस्तेरचं.

एस्तेर म्हणजे मोगरा संघाची संघनायिका. गाठी बांधण्यात तिचा हात असा बसलेला की पथकाला गाठी शिकवायला मी तिलाच उभी करायची, कारण माझी निम्मी गाठ शिकवता शिकवताच सुटायची. जिभेनेही तशीच चटपटीत. तिचे वडील, याकोबभाऊ, नवापूरच्या एका पोल्ट्री फार्मवर कामाला होते. बोलायला शांत आणि मराठी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलणारे. मी ओट्यावर बसले, कागद काढला आणि विचारलं, “एस्तेरला फिट येते का?”

“नाही,” त्यांनी सांगितलं. मी खूण केली. सही घेतली. चहा आला. काम झालं म्हणून मी मांडी सोडली, तेवढ्यात ते म्हणाले, “मॅडम, गोळी जेवणानंतर द्या. सकाळची पण आणि रातची पण. चुकवू देऊ नका.”

“कसली गोळी?”

“खेंचची.”

मी कप खाली ठेवला. “याकोबभाऊ, खेंच म्हणजे काय होतं?”

“पडते. हातपाय ताठ होतात, हलतात. मग झोपते. गोळी चालू आहे तर आता जास्त नाही येत.”

“अहो, मग आत्ता फिट येत नाही म्हणालात ना?”

“फिट नाहीच येत,” ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. “व्याऱ्याचा डॉक्टर खेंच बोलला. फिट तो कधी नाही बोलला.”

“आणि आधीच्या कागदावर होय लिहिलं होतंत.”

“तेव्हा विचारलं, फिट? फिट तर आहे ती. दोन हंडे एकदम आणते.”

माणूस दोन्ही वेळा खरं बोलला होता. आमच्याकडची माणसं मोठ्या दवाखान्याला गुजरातेत, व्यारा नाहीतर सुरतला जातात, आणि आजारही तिकडूनच आपलं नाव घेऊन येतो. आकडीला तिकडे खेंच म्हणतात. मी मराठीची शिक्षिका, सीमेवर इतकी वर्षं काढलेली, आणि हा शब्द माझ्या कानावर कधी आला नव्हता. तोरणमाळचा घाट, तिथला तलाव, शेकोटीचे निखारे, सगळं एकदम दिसायला लागलं. एस्तेर दारात उभी होती.

“तू तरी सांगायचंस ना,” मी म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाही, मॅडम. तुम्ही फिट विचारली. खेंचला फिट म्हणतात हे मला कसं कळणार? तुम्ही शिकवलं नाही.”

“नका नेऊ तिला,” चुलीपाशी बसलेली तिची आई म्हणाली. “इथेच बरी.”

मीही मनातून तेच ठरवलं होतं. नाव काढायचं, जोखीम नको, पोरगी घरी सुखरूप. भित्र्या माणसाला असा निर्णय फार पटकन सुचतो आणि शहाणपणाचाही वाटतो. पण एस्तेर दारातून हलली नाही.

“मामाच्या लग्नाला पण मला नाही नेलं,” ती म्हणाली. “तिथे पडशील, सगळे बघतील, म्हणाले. मी आजीपाशी राहिले. आणि लग्नात मामाचा मित्र पिऊन मांडवात पडला. त्याला उचलून नेला, तोंड धुतलं, जेवायला बसवलं. त्याला कोणी नाही बोललं घरी राहा म्हणून.”

याकोबभाऊ खाली बघून हसायला लागले, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. ही पोरगी एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. मी सांगितलं, व्याऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. त्यांनी हो म्हटलं तर मी शिबिरप्रमुखांशी बोलते.

चिठ्ठी आली. ती गुजरातीत होती.

ती घेऊन मी नंदुरबारला गेले तेव्हा मिरचीचा हंगाम जोरात होता. बाजाराच्या बाजूने वारा आला की गावात उतरलेल्या पाहुण्याला शिंका आवरत नाहीत. गावकऱ्यांना सवय असते, पण त्या दिवशी त्यांचेही डोळे वाहत होते. देसले सर नाकाला रुमाल लावूनच बसले होते. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. “मले गुजराती बोलता येस, वाचता येत नही,” ते म्हणाले आणि शेजारच्या गाळ्यातून एका मिरचीच्या व्यापाऱ्याला हाक मारून आणलं. या व्यापाऱ्याची सासुरवाडी सुरतची. ते गोण्यांवरून उठून तसेच आले होते, कपड्यांवर लाल भुकटी. त्यांच्याबरोबर खोलीत मिरचीही आली.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. गोळ्या वेळेवर, झोप पुरेशी, पाण्यात आणि उंचावर चढायला एकटं सोडायचं नाही, विस्तवाजवळ बसवायचं नाही. इथपर्यंत सगळं मनाईचंच निघालं. देसले सर माझ्याकडे ‘बघा’ अशा नजरेने बघायला लागले. व्यापारी शेवटच्या ओळीवर आले.

“छोकरीने केम्पमां मोकलवामां कोई वांधो...” आणि त्यांना शिंक आली. ती एकावर थांबेना. ते शिंकत होते, चष्मा घसरत होता आणि एस्तेरचं सगळं शिबिर त्यांच्या नाकात अडकून बसलं होतं. त्यांच्यापाठोपाठ सरही शिंकायला लागले.

“वांधो काय शे का नही?” सरांनी शिंकांमधून विचारलं.

“नथी,” व्यापारी डोळे पुसत म्हणाले. “वांधो नथी.” पोरीला शिबिराला पाठवायला काही हरकत नाही.

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. नियमाच्या माणसाला हरकत नसली की फार अडचण होते. “तिले काही व्हयनं ते कोन जबाबदार?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“लिखी द्या.”

मी लिहून दिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की ते माझंच आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

परत आल्यावर मी मोगरा संघाला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, की आपल्या एस्तेरला खेंच येते आणि आली तर काय करायचं ते आपण शिकून घेऊ. आधी प्रत्येकीच्या घरचा उपाय बाहेर आला. एक म्हणाली कांदा फोडून हुंगवायचा. दुसरी म्हणाली हातात लोखंडाची चावी द्यायची. तिसरी म्हणाली चप्पल, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“मावशीने मला चप्पल हुंगवली होती,” एस्तेर म्हणाली. “ती गोठ्यातून आली होती. शुद्ध आली तेव्हा मी उलटी केली. सगळे म्हणाले, बघा, विष बाहेर पडलं.”

मग सराव सुरू झाला. आजूबाजूचं टणक, टोकदार सगळं बाजूला करायचं, डोक्याखाली स्कार्फची घडी ठेवायची, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं, एकीने घड्याळ बघत राहायचं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवायची. सांगायला सोपं. पण रुग्ण कोण होणार यावरून भांडण. सरिता नावाची एक मुलगी, एस्तेरची जिवलग, पुढे झाली आणि तिने जमिनीवर पडून अशी काही किंकाळी फोडली की ऑफिसमधून शिपाई धावत आला.

“मी असं ओरडत नाही,” एस्तेर म्हणाली.

दुसरीने डोळे फिरवले, केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली.

“ते अंगात येणं झालं. मी देवी आहे का?”

तिसरी पडण्याआधी खाली पदर अंथरावा तशी ओढणी अंथरून, बघून, हळूच आडवी झाली. एस्तेरने कपाळाला हात लावला. “पडताना मला जागा निवडता येत नाही गं.” यावर सगळ्या हसल्या, तीही हसली आणि मी मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन आले.

तोरणमाळच्या घाटात वळणं सुरू झाली तशी पथकाची अवस्था बघवेना. शिक्का मारलेल्या फिट पोरी एकामागून एक पिशव्या मागायला लागल्या. एकटी एस्तेर खिडकीशी बसून मजेत चिंचा खात होती आणि ओआरएस कालवून पुढे देत होती. वर पोचल्यावर मी तिच्या मागेच लागले. ती पाण्याकडे निघाली की मी निघायची, ती दगडावर बसली की मी दगड बघून घ्यायची. शेकोटीला मी तिला तिसऱ्या ओळीत बसवलं आणि स्वतः तिच्या पाठीशी बसले. खरं सांगायचं तर इतक्या शिबिरांत मी एकही शेकोटी धड बघितली नाही. मी डोकी मोजत बसायची. पोरी मोठ्या झाल्यावर भेटतात, ते नाटक आठवतं का मॅडम, म्हणतात, आणि मी हो म्हणते. मला काही आठवत नाही. त्याची हळहळ मला आता, निवृत्त झाल्यावर वाटते.

“मॅडम,” एस्तेर शेवटी म्हणाली, “घरी जी आई होती, ती तुम्ही इथे पण आणली.”

चाचणीच्या सकाळी झेंडावंदन झालं. मैदानावर संघ संघ उभे राहिले. पहिली परीक्षा प्रथमोपचाराची. देसले सर पॅडवर गुणांचा कागद लावून आमच्याकडे येत होते. पाय मोडलेल्या माणसाला त्रिकोणी पट्टी कशी बांधतात ते मोगरा संघ दाखवणार होता. एस्तेर पट्टीची घडी करत उभी होती. मी तिच्याकडेच बघत होते, तरी मला काही कळलं नाही. पट्टी हातातून सुटली आणि ती पडली.

मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावले. त्या पेटीत जे काही होतं त्यातलं त्या वेळी काहीच लागत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं, तरी मी झाकण उघडून आत हात घालून काहीतरी शोधत होते. मी पोचेपर्यंत तिच्या डोक्याखाली स्कार्फ गेला होता. एकीने काठ्या आणि दोरी लांब सारली होती. एक घड्याळात बघत मोठ्याने मिनिटं सांगत होती. बाकीच्या तिच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या होत्या, पाठी तिच्याकडे आणि तोंडं बाहेर, त्यामुळे पलीकडच्या मुलांच्या पथकांना त्यांच्या चेहऱ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. देसले सर धावत आले, कडं ओलांडून आत शिरले आणि घाईघाईने खाली वाकून स्वतःच्या बुटाची लेस सोडायला लागले.

“सर, बूट राहू द्या,” सरिता वर न बघता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही पण मागे व्हा. हवा अडते.”

आम्ही दोघंही मागे झालो. मी इतकी वर्षं पोरींना रांगेत उभं करत आले आणि त्या क्षणी मला एका नववीतल्या मुलीने बाजूला उभं केलं. मला राग आला नाही. कुणीतरी काय करायचं ते सांगितलं याचं मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने झटके थांबले. दोघींनी एस्तेरला हळूच कुशीवर वळवलं. सरिता तिच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत काहीतरी हलकेच सांगत राहिली. मला ते समजलं नाही.

शिबिराच्या डॉक्टरांनी तपासलं आणि झोपू द्या म्हणाले. मी याकोबभाऊंना फोन लावला. मागून कोंबड्यांचा एकच कलकलाट ऐकू येत होता. “खेंच आली? बरं,” ते म्हणाले. “गोळी घेतली होती? मग रातची झोप नसेल.” नव्हतीच. एस्तेरने उठल्यावर स्वतःच सांगितलं की तंबूत सगळ्या जणी कुजबुजत गप्पा मारत होत्या आणि तिला झोपावंसं वाटलं नाही, इतक्या जणींमध्ये ती पहिल्यांदाच झोपत होती. मी रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला आणायला येऊ का, असं याकोबभाऊंनी विचारलं तेव्हा तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, ते आले नाहीत.

दुपारी ती जेवली आणि तिला बातमी कळली. देसले सरांनी मोगरा संघाला प्रथमोपचारात पैकीच्या पैकी गुण दिले होते. मैदानावर जे झालं त्यापुढे वेगळी परीक्षा घेण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकीच्या नावापुढे आकडा होता. एस्तेरचा खण तेवढा रिकामा होता. ती तडक सरांच्या तंबूसमोर गेली आणि तिच्यामागून मी.

“सर, पडले मी. गुण यांना,” ती म्हणाली. “माझं काय?”

सरांनी घसा साफ केला. “सदर परीक्षेच्या वेळी तू... म्हणजे तू हजर होतीस, पण...”

“सगळ्यांची परीक्षा माझ्यावर झाली. माझी कोणावर घेणार?”

तिने परीक्षा द्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरिता पुढे झाली आणि मी पडते म्हणाली, पण सराव बघितलेल्या सगळ्यांनी एकसुरात नको म्हटलं. सरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, छातीवरचे बिल्ले सांभाळत गुडघे टेकले आणि तंबूसमोरच्या गवतावर आडवे झाले. “चल, मले खेंच येल शे,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

एस्तेर हसली नाही. तिने बाजूचा खुंटा आणि हातोडा लांब ठेवला. आपला स्कार्फ काढून घडी करून त्यांच्या डोक्याखाली सरकवला. गळ्याची गुंडी सैल केली, पट्टा सैल केला. जरा थांबली, जेवढं थांबायला हवं तेवढं. मग खांद्याला आणि गुडघ्याला धरून तिने तो भारी माणूस एकटीने कुशीवर वळवला. वर गेलेला शर्ट ओढून नीट केला. इथे परीक्षा संपते. सर उठायला लागले, तर तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सकाळी सरिता वाकली होती तशी त्यांच्या कानाशी वाकली.

“घाबरू नका, सर,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही शिबिरातच आहात. थोडा वेळ पडला होता. कपडे नीट आहेत. कोणी हसलं नाही.”

सर उठले नाहीत. डोळे मिटून तसेच कुशीवर पडून राहिले. मग, न वळता, त्यांनी मला विचारलं, “मॅडम, हाई पुस्तकमा शे का?”

“नही, सर.”

“मग लिखी ल्या.”